अंगवळणी

आमच्या सासऱ्यांचं, मासिलामणि मामांचं, स्वतःचं एक शास्त्र होतं. घरात नवी सून आली की तिसऱ्या दिवशी तिला अंगणातल्या पहिल्या पेटीपाशी न्यायचं, झाकण उघडायचं, आणि तिच्या उघड्या हातावर एक मधमाशी बसवून डंख मारू द्यायचा. लग्न चर्चमध्ये पाद्र्यांनी लावलेलं असो, मामांच्या लेखी सून घरची व्हायची ती त्या डंखानंतर. माझी पाळी आली तेव्हा मी किंचाळले, आणि ओसरीवर जमलेल्या आयाबाया पोट धरून हसल्या.

"अंग शिकतं, पोरी," मामा म्हणाले. "पहिल्या वर्षी सुजतं, दुसऱ्या वर्षी नुसतं खाजतं, तिसऱ्या वर्षी अंगवळणी पडतं. माझ्याकडे बघ."

बघण्यासारखंच होतं. बोलता बोलता त्यांच्या मनगटावर दोन माश्यांनी डंख मारले, त्यांनी नखानं काटे खरवडून काढले आणि पान लावायला घेतलं. ना सूज, ना लाली. माझा नवरा देवसहायम, त्याचंही तेच. आमच्या मार्तांडमच्या बाजूला घरटी मधाच्या पेट्या असतात, आणि पेटीवाल्याचं अंग विषाला दाद देत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत. मग मी तरी मामांच्या शास्त्रावर शंका कशाला घेऊ?

पेट्यांना हात लावायचं काम माझं नव्हतंच. माझं काम कपड्यांचं. फेब्रुवारीत रबराच्या झाडांना कोवळी पानं फुटतात आणि त्यांच्या देठांवर गोड रस सुटतो. आमचा मध फुलांचा नाही, पानांचा. त्या दिवसांत बाप आणि दोघं लेक पेट्या घेऊन रबराच्या मळ्यांतून हिंडायचे, आणि आठवड्याचे सदरे-लुंग्या माझ्यापुढे आणून टाकायचे. मेणानं चिकट झालेले, धुरानं काळवंडलेले, खिशात मेलेल्या माश्या, कॉलरच्या घडीत तुटलेले काटे. मी ते झटकायची, आपटायची, धुवायची. वर्षानुवर्षं. त्या झटकण्यातून माझ्या नाकातोंडात काय जात होतं, ते कुणाला माहीत होतं?

माझी लेक जेबा चौथीत होती त्या वर्षीची गोष्ट. सदरा झटकताना कॉलरमधून एक जिवंत माशी निघाली आणि कानामागे चावली. चावली तर चावली, म्हणून मी दुसरा सदरा घेतला. तेवढ्यात तळहात खाजायला लागले. माशी चावली कानामागे आणि खाज तळहातांना! मग तळपाय, मग कान असे तापले की कुणीतरी पिरगाळल्यासारखे. पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. मामांनी चुना लावला आणि म्हणाले, "अंग शिकतंय."

संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. पण मामांनी मनाशी ठरवलं की ही सून शिकायला मंद आहे, हिला शिकवणी हवी. दर रविवारी चर्चहून आलं की एक डंख. सहायम म्हणाला, "नको, अप्पा, तिला त्रास होतो." मामा म्हणाले, "त्रास होतो म्हणूनच द्यायचा. तुला नाही का दिला लहानपणी? रडत होतास तेव्हा, आठवतं?" पहिल्या रविवारी परत गांधी उठल्या. दुसऱ्या रविवारी गांधी उठायलाही वेळ मिळाला नाही.

तळहात खाजले, जीभ जड झाली, आवाज घोगरा झाला, पोटात कळ आली, आणि एकाएकी मला कळलं की आता मी मरणार. डोक्याला कळलं नाही, आत कुठेतरी पोटाला कळलं. "अहो, जेबाला बघा," एवढं मी म्हणाले. त्यानंतरचं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं आठवतं. सहायमनं मला शेजारच्या राजय्यनच्या रिक्षात घातलं, आणि मार्तांडमला पोचेपर्यंत माझे ओठ जांभळे झाले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरम्मा तोंडानं फटकळ होत्या. मला बोलता यायला लागल्यावर त्यांनी सहायमला समोर उभं केलं.

"कुणाची कल्पना ही, दर रविवारी डंख द्यायची?"

"अप्पांची."

"अप्पांना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं, सून जवळजवळ मारलीत." मग माझ्याकडे वळून त्या सावकाश बोलल्या. "माशीचं विष एवढंसं असतं, पाक्यम. तू त्या विषानं मरत नव्हतीस. तुझंच अंग तुझ्यावर उठलं होतं. आधीच्या डंखांनी, त्या कपड्यांच्या धुळीनं, अंगानं माशीला वैरी म्हणून ओळखून ठेवलं आणि जागोजागी पहारेकरी बसवले. आता एक माशी आली की सगळे एकदम सुटतात. नसा सैल पडतात, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो. एका चोरासाठी सगळं घर पेटवून द्यावं, तसं. याला ॲलर्जी म्हणतात. तुला मधमाशीचं वावडं आहे."

"मग मामांना का नाही होत? ह्यांना का नाही?"

"रोज इतके डंख खाल्ले की कुणाकुणाचं अंग गप्प बसायला शिकतं. तुझं भांडायला शिकलं. कोण काय शिकेल, ते आधी कुणालाच सांगता येत नाही."

त्यांनी मला औषधाच्या दोन कुप्या आणि सुया दिल्या. कुपी कशी फोडायची, सुईत कशी ओढायची, सगळं केळीच्या खुंटावर शिकवलं. "मांडीच्या बाहेरच्या अंगाला. साडीवरून टोचलीस तरी चालेल. होईल बरं आपोआप, म्हणून वाट बघायची नाही. आणि आडवं पडायचं, पाय उंच. उठायचं नाही, चालायचं तर मुळीच नाही. चालणारी माणसं जातात, लक्षात ठेव." मी ते सगळं एका पत्र्याच्या डबीत ठेवलं, काळ्या कागदात गुंडाळून. ती डबी जिथे मी तिथे.

आणि पेट्या घराजवळ नकोत, म्हणाल्या. कपडेही घरात यायला नकोत.

घरी मामांनी तोडगा काढला, "सीझनपुरती ती माहेरी जाऊ दे." सहायम ओसरीच्या पायरीवर पेट्यांकडे तोंड करून बसला होता. त्याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. पेटीच्या भिंतीला कान लावून तो सांगायचा, राणी आहे की गेली, भूक लागली आहे की रागावल्यात. माणसांशी बोलताना अडखळणारा, तिथे तासन्तास पुटपुटायचा. तो उठला आणि म्हणाला, "माहेरी कशाला? पेट्याच जाऊ देत जेयसिंगकडे."

जेयसिंग माझा धाकटा दीर. त्याचं बिऱ्हाड वर पेच्चिपारैच्या डोंगरात, रबराच्या मळ्यात होतं. दिवेलागणीला माश्या आत परतल्यावर सहायमनं एकेका पेटीचं दार स्वतः मेणानं बुजवलं आणि जीपमध्ये चढवलं. मामाही पेट्यांबरोबर गेले. मला वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. पुढे ते वारले ते डोंगरातच. शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत.

सहायम रबराच्या शेडमध्ये कामाला लागला. चीक ॲसिडमध्ये गोठवायचा, लाटायचा, पट्ट्या धुरात वाळवायच्या. अंगाला सदा आंबूस वास. वर्षामागून वर्षं गेली. जेबा शिकली, लग्न होऊन तूत्तुकुडीला गेली. दरवर्षी फेब्रुवारीत कोवळी तांबूस पानं फुटली की तो फाटकाशी उभा राहून वर बघत बसायचा. डोंगरात जायचा तो फक्त ख्रिसमसला, पेट्या निवांत असताना. सीझनला कधीच नाही. कपड्यांवरून काहीतरी येईल, म्हणून.

"सवती घालवल्यात माझ्यासाठी, आता तोंड पाडून का उभे?" मी चिडवायची.

"एक असती तर चाललं असतं गं. एकेका पेटीत वीस-वीस हजार होत्या."

"आणि ह्या म्हातारीसाठी सगळ्या सोडल्यात? अक्कल गहाणच टाकलीत म्हणायची."

तो हसायचा. आणि मी कुठेही निघाले, बाजारात, चर्चला, विहिरीवर, की घरातून त्याची हाक ठरलेली, "डबी?" मी म्हणायची, "घेतली." दरवर्षी कुप्यांची तारीख संपायची, मी न वापरलेल्या कुप्या परत करायची आणि नव्या आणायची. डॉक्टरम्मा म्हणायच्या, "अशाच फुकट जाऊ देत, देवाची कृपा."

गेल्या सीझनला जेयसिंगचा फोन आला. त्याचा गडी ऐन वेळी आखातात निघून गेला होता. पेट्या भरून ओसंडत होत्या, मध काढायला माणूस नव्हता. "अण्णा, दोन दिवस ये ना."

सहायम म्हणाला, "नाही रे, जमणार नाही." फोन ठेवला आणि जेवायला बसला. उकडलेला टॅपिओकाचा कंद आणि माशाचं कालवण केलं होतं. त्याचं आवडतं. त्यानं ते चिवडत ठेवलं.

"जा की हो," मी म्हणाले.

"कपडे?"

"तिथलेच घाला, तिथेच टाका. आंघोळ करून, घरचे कपडे चढवून या. मी काय साखरेची आहे विरघळायला?"

"नक्की ना?"

"आता जाता की मी हाकलू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जे निघाला, लग्नालाही इतक्या उत्साहानं आला नसेल. दाढी घोटून, केसांना तेल लावून. माश्यांना तेलाचा वास आवडत नाही हे आठवल्यावर परत जाऊन डोकं धुतलं. फाटकातून वळून म्हणाला, "तू चर्चला जाणार ना आज? डबी?"

"घेतली, घेतली. जा आता, तुमच्या बायका वाट बघतायत."

चर्चमध्ये बायकांची सभा होती, त्यानंतर जेवण. मी मागच्या चुलीपाशी फणस चिरत होते, हात तेलानं माखलेले. दुपारी फोन वाजला. मनगटांनी उचलून खांद्यानं कानाशी दाबला.

"पाक्यम," सहायमचा आवाज, आनंदानं भरलेला. "अगं, काय पेट्या जोपासल्यात ह्यानं! अप्पा असते तर रडले असते. एक गंमत सांगू?"

"सांगा."

"माझ्या मानेवर चावल्या दोन-तीन. आणि तुला आठवतं, तुझे तळहात खाजायचे? तसे माझे खाजतायत. तुला असंच व्हायचं का गं? मी इतकी वर्षं म्हणायचो, कानामागे चावली तर तळहात कसे खाजतील!"

मी सुरी टाकून उठले.

"कान? कान तापलेत का?"

"हो गं. तुला कसं कळलं?"

"आडवे पडा. आहात तिथे आडवे पडा. जेयसिंगला द्या फोन."

मागे हसणं ऐकू आलं. जेयसिंग म्हणत होता, "वहिनी, घाबरता काय! अण्णाला माशी चावली म्हणून रडतंय कोण? सगळा जन्म ह्यात गेला त्याचा. ऊन लागलंय, दुसरं काही नाही. कोरा चहा देतोय त्याला."

"चहा मरू दे! त्याला आडवं कर, पाय वर कर, जीप बोलाव. चालवू नकोस त्याला, जेयसिंग, ऐकतोस का? चालवायचं नाही!"

"बरं बरं," तो म्हणाला. लहान मुलाची समजूत काढतात तसा.

मी तशीच बाहेर धावले, फणसाच्या हातानं. राजय्यनची रिक्षा चर्चच्या फाटकाशी होती. "पेच्चिपारै. जोरात," एवढंच म्हणाले. डबी मांडीवर धरली होती. वाटेत परत फोन लावला. आता जेयसिंग हसत नव्हता. जीप वर चढत नाही, म्हणून ते त्याला दोन्हीकडून धरून खाली रस्त्यावर घेऊन निघाले होते. चालवत. "वहिनी, अण्णाचा आवाज बसलाय. तो म्हणतो, पोटात कळ येतेय." मी काय ओरडले ते मला आठवत नाही. राजय्यन मान वळवून बघत होता आणि मी त्याच्या पाठीवर बुक्के मारत होते, "पुढे बघ, मेल्या, पुढे बघ!"

कालव्याच्या पुलाशी समोरून जीप आली. मागच्या बाकावर सहायम जेयसिंगच्या अंगावर रेलून बसवलेला, ओठ सुजलेले, चेहरा राखेसारखा. मी चढले आणि त्याला फळीवर आडवा केला. डबी उघडली. कुपी फोडली. औषध सुईत ओढलं. इतक्या वर्षांत मी केळीच्या खुंटाखेरीज कशातच सुई टोचली नव्हती, ती त्याच्या लुंगीवरून मांडीत टोचली. त्यानं डोळे उघडले. मला ओळखलं. मग डोळे वर गेले.

मी दुसरी कुपी घेतली. जेयसिंगनं माझं मनगट धरलं. "वहिनी, ती तुमच्यासाठी ठेवा. हे बघा तुमच्या हातावर!"

माझ्या हातांवर, कोपरापर्यंत, गांधी उठल्या होत्या. त्याच्या सदऱ्याला मी बिलगले होते ना. मला मग कळलं की माझेही कान तापलेत. "सोड," मी म्हणाले, आणि दुसरी कुपी फोडून त्यालाच टोचली.

दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. मला त्यांनी सुई दिली, आडवं केलं, आणि मी जगले. मला जगायला नेहमीच वेळेवर औषध मिळालं आहे.

डॉक्टरम्मा आता निवृत्त झाल्यात, पण कुणीतरी कळवलं आणि त्या आल्या. माझ्या खाटेवर बसल्या. मी विचारलं, "ह्यांचं अंग तर गप्प बसायला शिकलं होतं ना?"

"शिकलं होतं. पण तो धडा रोज गिरवावा लागतो, पाक्यम. डंख थांबले की तो विसरायला होतो. वैर मात्र कधीकधी आत राहतं. हे त्याला मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझं सगळं लक्ष तुझ्यावर होतं."

"म्हणजे पेट्या सोडल्या नसत्या तर..."

"तसं कुणीच सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. फटकळ बाई, पण खोटं बोलताना माझ्याकडे बघू शकल्या नाहीत.

दाराशी जेयसिंग उभा होता. तो हमसून रडायला लागला. मागच्या ख्रिसमसला सहायमला तिथे एक माशी चावली होती आणि कमरेभोवती गांधी उठल्या होत्या. सहायमनं त्याला शपथ घातली होती, "तुझ्या वहिनीला सांगू नकोस. ती घाबरेल, मला परत इकडे येऊ द्यायची नाही." जेयसिंग म्हणाला, "मला वाटलं, ऊन..." मी त्याला जवळ बोलावलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मला त्याचा राग यायला हवा होता. मला राग आला तो सहायमचा. माझ्या अंगाची एवढी काळजी केलीत, आणि स्वतःच्या अंगाचं मलाच लपवलंत? मी तुमची कोण होते?

पुरायच्या आधी मला त्याच्याजवळ जाऊ दिलं ते त्याला तीनदा साबणानं धुतल्यावर. जेयसिंगनं स्वतः धुतलं, केसांच्या मुळापर्यंत, नखांच्या आतपर्यंत. त्याला कोरी लुंगी, कोरा सदरा. मी वाकले तेव्हा त्याच्या अंगाला नुसता साबणाचा वास आला. कुणाच्याही अंगाला येईल तसा.

त्या दिवशीचा सदरा जेयसिंग जाळणार होता. मी जाळू दिला नाही. तो वर डोंगरात जेयसिंगच्या माळ्यावर आहे, दोन पिशव्यांत बांधून. घाम आहे त्यात सहायमचा, धूर आहे, मेण आहे. जेबा फोनवर म्हणते, "अम्मा, कशाला ठेवलाय तो, तुला कुठे जवळ घेता येणार आहे?"

खरं आहे तिचं. ज्यांची माणसं जातात, त्या बायका कपड्यांत तोंड खुपसून रडतात. मला ते जमायचं नाही, माझं अंग ते करू देणार नाही. मी नव्या कुप्या आणल्यात. चर्चला निघाले की दारात थांबते, आतून हाक येत नाही, आणि मी मोठ्यानं म्हणते, "घेतली."